नाव गांजाचं, वस्तू वेगळी



आजचा विषय आहे कृत्रिम कॅनाबिनॉइड्स, म्हणजे बाजारात 'कृत्रिम गांजा' या नावानं खपणारी द्रव्यं, आणि झाडापासून मिळणारा गांजा. या दोहोंपासून आरोग्याला असलेला धोका सारखाच आहे, कमी-जास्त आहे, की मुळात निराळ्या जातीचा आहे, हे आपल्याला पाहायचं आहे.

कुणी म्हणेल, हे डॉक्टरांचं काम. आमच्या नावामागेही डॉक्टर आहे, पण तो तत्त्वज्ञानाचा. त्यानं आजवर कुणाचा ताप उतरलेला नाही. तरी आम्ही यात पडतो आहोत, कारण इथे माणसं दगावतात त्यात रसायनाइतकाच वाटा एका चुकीच्या अनुमानाचा असतो. आणि अनुमान तपासणं हे आमचं आयुष्यभराचं काम.

ते अनुमान असं आहे. 'गांजानं कुणी मरत नाही. हा गांजाच आहे, फक्त कारखान्यात केलेला. म्हणून यानंही कुणी मरणार नाही.' तीन वाक्यं. कॉलेजातलं पोरगं हे बोलतं तेव्हा ऐकणाऱ्या मित्राला ते बिनतोड वाटतं. आई-वडिलांनाही पटकन उत्तर सुचत नाही. ते रागावतात, आणि रागावणं म्हणजे उत्तर नव्हे. आपण ही वाक्यं एकेक करून घेऊ.

पहिलं वाक्य: गांजानं कुणी मरत नाही

झाड एकच. त्याची पानं वाटली की भांग, मादी झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे वाळवले की गांजा, आणि अंगावरचा चीक गोळा केला की चरस. महाशिवरात्रीची थंडाई, बैराग्याची चिलीम, आयुर्वेदातली 'विजया' ही सगळी त्याच झाडाची रूपं. १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्यानं गांजा आणि चरस यांवर बंदी घातली. शेंडे नसलेली नुसती पानं आणि बी मात्र त्या व्याख्येतून बाहेर राहिली. म्हणून भांगेचा कारभार राज्यांच्या कायद्यांकडे राहिला.

वापर किती? दिल्लीच्या एम्समधल्या केंद्रानं केलेलं राष्ट्रीय सर्वेक्षण २०१९ साली प्रसिद्ध झालं. त्यानुसार १० ते ७५ वयोगटातल्या सुमारे ३ कोटी १० लाख लोकांनी आधीच्या वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतलेली होती. हे प्रमाण २.८ टक्के. म्हणजे आपल्याकडे या झाडाचा अनुभव नवा नाही, थोडाही नाही.

हा अनुभव इंग्रज सरकारनंही तपासून पाहिला होता. १८९३-९४ साली 'इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन' नेमलं गेलं. मुंबई इलाख्यासह देशभर फिरून त्यानं हजाराहून अधिक साक्षी नोंदवल्या. डॉक्टर, तहसीलदार, साधू, शेतकरी, वेड्यांच्या इस्पितळांचे अधिकारी, सगळ्यांना विचारलं. निष्कर्ष असा निघाला की बेतानं घेणाऱ्याला फारसा अपाय होत नाही, अति घेणाऱ्याला होतो, आणि सरसकट बंदी घालू नये. त्या काळाच्या साधनांनी काढलेला तो निष्कर्ष होता, हे ध्यानात ठेवून तो वाचायचा.

आजचं विज्ञान त्यात बरीच भर घालतं. गांजा घेणाऱ्यांपैकी साधारण दहातल्या एकाला तो सोडणं जड जातं. पौगंडावस्थेत सुरुवात केली तर हे प्रमाण वाढतं. वर्षानुवर्षं रोज घेणाऱ्या काहींना वारंवार ओकाऱ्यांचा विकार जडतो. गाडी चालवताना अंदाज चुकतात. आणि सगळ्यात गंभीर गोष्ट मनोविकाराची. युरोपातली दहा ठिकाणं आणि ब्राझीलमधलं एक, अशा अकरा ठिकाणांचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. रोज तीव्र गांजा घेणाऱ्यांत चित्तभ्रमाचा विकार होण्याची शक्यता, कधीच न घेणाऱ्यांच्या तुलनेत, जवळपास पाचपट दिसली. तीव्र म्हणजे ज्यात टीएचसी, म्हणजे नशा आणणारं मुख्य द्रव्य, १० टक्के किंवा अधिक आहे असा. आणि गांजा तीव्र होतच चालला आहे. अमेरिकेत जप्त होणाऱ्या मालात १९९५ च्या सुमारास सरासरी ४ टक्के टीएचसी असे; २०१४ पर्यंत ते १२ टक्क्यांवर गेलं.

तेव्हा 'गांजानं काही होत नाही' हे खोटं. पण पोरगं तसं म्हणत नाहीये. ते म्हणतं, 'कुणी मरत नाही.' आणि अतिमात्रेनं, थेट विषबाधेनं मरण येणं, एवढाच अर्थ घेतला तर ते वाक्य बहुतांशी खरं आहे. अफूच्या जातीची द्रव्यं मेंदूच्या देठातलं श्वासाचं केंद्र दाबतात आणि माणूस झोपेत संपतो. टीएचसी मेंदूत जिथे जाऊन बसतं, त्या जागा या देठात फार विरळ आहेत. त्यामुळे भांग जास्त झालेला माणूस घाबरतो, ओकतो, दोन दिवस भ्रमिष्टासारखा वागतो; श्वास मात्र चालू राहतो.

पहिलं वाक्य आपण एवढ्यापुरतं मान्य केलं. ते मान्य करायला घाबरायचं कारण नाही. खरी चूक पुढे आहे.

दुसरं वाक्य: हा गांजाच आहे

यासाठी थोडा इतिहास बघावा लागेल. १९६४ साली इस्रायलमध्ये राफाएल मेखुलाम आणि येहिएल गाओनी यांनी टीएचसी शुद्ध स्वरूपात वेगळं काढून त्याची रचना सांगितली. पण ते शरीरात काम कसं करतं हे कळायला १९८८ साल उजाडलं. त्या वर्षी मेंदूतल्या पेशींवर त्याला धरून ठेवणाऱ्या जागा सापडल्या. त्यांना सीबी-१ रिसेप्टर म्हणतात. आपण त्याला पेशीच्या दारावरची कळ म्हणू. आता प्रश्न पडला, की ही कळ मेंदूनं झाडासाठी थोडीच बसवली असेल? शरीराचं स्वतःचं काही द्रव्य असणार. १९९२ साली मेखुलाम यांच्या गटाला तेही सापडलं, आणि त्यांनी त्याचं नाव ठेवलं 'आनंदामाइड'. आपल्या संस्कृत 'आनंद'वरून! उपनिषदांतला शब्द जेरुसलेमच्या प्रयोगशाळेत गेला, याची आम्हांला गंमत वाटते. पण त्या नावानं भुलू नका. ही व्यवस्था केवळ आनंदाची नाही. भूक, झोप, वेदना, स्मृती, भीती, शरीराचं तापमान, अशा कितीतरी गोष्टींचा तोल ती सांभाळते. शरीर हे द्रव्य लागेल तिथे, लागेल तेवढंच बनवतं आणि लगेच मोडून टाकतं.

कळ सापडल्यावर शास्त्रज्ञांनी ती दाबणारी नवी नवी संयुगं बनवायला सुरुवात केली. हेतू अभ्यासाचा होता. अमेरिकेतल्या क्लेम्सन विद्यापीठातल्या जॉन हफमन या रसायनशास्त्रज्ञानं आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी अशी चारशेहून अधिक संयुगं तयार केली. त्याच्या नावाच्या आद्याक्षरांवरून त्यांना 'जेडब्ल्यूएच' आणि पुढे क्रमांक. ती माणसांना देण्यासाठी नव्हतीच. पण कृती शोधनिबंधांतून छापल्या गेल्या होत्या, आणि निबंध कुणीही वाचू शकतं. २००८ च्या अखेरीस जर्मनीत 'स्पाइस' नावाच्या, धूप म्हणून विकल्या जाणाऱ्या पाकिटांत जेडब्ल्यूएच-०१८ सापडलं. पाकिटावर लिहिलेलं, 'मानवी सेवनासाठी नाही'. घेणारे मात्र ओढायलाच घेत होते. अमेरिकेत हाच माल 'के-टू' या नावानं खपला.

आता मुद्द्याचा फरक. टीएचसी ही कळ दाबतं, पण पूर्ण दाबत नाही. पंख्याचा रेग्युलेटर डोळ्यांसमोर आणा. टीएचसी कितीही ओतलं तरी पंखा दोनाच्या पुढे जात नाही असं समजा. शास्त्रज्ञ याला आंशिक परिणाम म्हणतात. कृत्रिम द्रव्यांपैकी बहुतेक रेग्युलेटर थेट पाचावर नेतात, आणि त्यासाठी त्यांचा कणभर पुरतो. एएमबी-फुबिनाका नावाचं असं एक द्रव्य आहे. त्याची ताकद टीएचसीच्या ८५ पट मोजली गेली आहे.

८५ पट म्हणजे किती, याचा हिशेब मांडून बघा. दहा टक्के टीएचसी असलेला ३०० मिलिग्रॅम गांजा एका सिगारेटीत भरला, तर त्यात ३० मिलिग्रॅम टीएचसी येतं. ८५ पट ताकदीच्या द्रव्याचा तेवढाच ठोका बसायला लागतो एक तृतीयांश मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे मिठाचे पाच-सहा कण. आता हा माल तयार कसा होतो ते ऐका. चीनसारख्या देशांतून पावडर येते. ती अॅसिटोनमध्ये विरघळवतात आणि कुठल्याही वाळलेल्या पाल्यावर फवारतात. कधी सिमेंट कालवायच्या मिक्सरमध्ये तो पाला फिरवतात. मिठाचे पाच-सहा कण अशा रीतीनं सारखे पसरतील का? एका पाकिटातल्या एका कोपऱ्यात काहीच नसतं आणि दुसऱ्या कोपऱ्यात दहा माणसांचा डोस असतो. घरात भाजीत मीठ नीट मिसळलं नाही तर एक घास खारट लागतो, एवढंच. इथे तो एक घास इस्पितळात नेतो.

आणखी दोन गोष्टी. टीएचसीचं शरीरात जे विघटन होतं, त्यातून पुढे निष्क्रिय तुकडे तयार होतात. जेडब्ल्यूएच-०१८ चे काही तुकडे मात्र स्वतःही तीच कळ दाबत राहतात. शिवाय झाडात टीएचसीच्या सोबत इतर शंभराहून अधिक कॅनाबिनॉइड्स असतात. त्यांतलं सीबीडी टीएचसीचा ताप थोडा कमी करत असावं असं काही अभ्यास सांगतात, यावर वाद आहे. कृत्रिम पाकिटात तो प्रश्नच येत नाही. तिथे एकटं ते द्रव्य असतं आणि पाला फक्त दिखाव्याचा.

तर 'हा गांजाच आहे' यातलं खरं एवढंच, की दोन्ही एकाच कळीवर बसतात. एवढ्या साम्यावर दोघांना एक नाव देणं म्हणजे साप आणि दोर दोन्ही लांबडे म्हणून दोघांनाही दोर म्हणण्यासारखं आहे.

तिसरं वाक्य: यानंही कुणी मरणार नाही

इथे तर्कापेक्षा घडलेल्या गोष्टीच सांगाव्यात.

१२ जुलै २०१६ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात एकाच दिवशी ३३ माणसं रस्त्यावर भान हरपलेल्या अवस्थेत सापडली. शून्य नजर, कण्हणं, हातापायांच्या संथ, यंत्रासारख्या हालचाली. त्यांतल्या काहींच्या रक्तात-लघवीत एएमबी-फुबिनाकाचे अवशेष मिळाले. हेच द्रव्य न्यूझीलंडमध्ये पोहोचलं. २०१७ च्या मध्यापासूनच्या साधारण वर्षभरात तिथे चाळीसहून अधिक मृत्यूंचा संबंध कृत्रिम कॅनाबिनॉइड्सशी असल्याचं मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी सांगितलं. पन्नास लाखांहूनही कमी वस्तीच्या देशात!

२०१२ साली अमेरिकेतल्या सहा राज्यांत १६ जणांची मूत्रपिंडं अचानक निकामी होऊ लागली. पोटात-पाठीत दुखतं, उलट्या होतात म्हणून ते आले होते. त्यांतल्या अनेकांच्या बाबतीत एक्सएलआर-११ नावाचं त्या वेळी नवं असलेलं द्रव्य आढळलं. गांजानं असं होत नाही. गांजावर बेतलेल्या कुठल्याही अंदाजात मूत्रपिंडाचा उल्लेख सापडला नसता.

आणि २०१८ ची इलिनॉय राज्यातली गोष्ट. मार्चपासून तिथल्या इस्पितळांत माणसं येऊ लागली, कुणाच्या नाकातून, कुणाच्या हिरड्यांतून, कुणाच्या लघवीतून रक्त. दीडशेहून अधिक रुग्ण झाले, किमान चार दगावले. या सगळ्यांनी ओढलेल्या कृत्रिम मालात ब्रोडिफॅकम सापडलं, म्हणजे उंदीर मारायचं औषध. ते रक्त गोठू देत नाही आणि शरीरात महिनोन्महिने राहतं. वाचलेल्यांना तितका काळ 'के' जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा घ्याव्या लागल्या.

एरवीची लक्षणं म्हणाल तर छाती धडधडणं, रक्तदाब चढणं, आकडी, प्रचंड अस्वस्थता, हिंसक भ्रम, उलट्या, क्वचित हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात. श्वासाचं केंद्र शाबूत राहिलं तरी हृदयाची लय बिघडून किंवा बेशुद्धीत उलटी श्वासनलिकेत जाऊन माणूस जाऊ शकतो. अफूच्या द्रव्यांवर नालॉक्झोन हा उतारा आहे; यावर उतारा नाही, डॉक्टर लक्षणांवर उपचार करत राहतात. आंतरराष्ट्रीय पाहणीच्या आधारे २०१५ साली एक तुलना प्रसिद्ध झाली: कृत्रिम द्रव्य घेणाऱ्याला तातडीचे उपचार लागण्याची जोखीम गांजा घेणाऱ्याच्या ३० पट.

ओल्या सरपणाची गोष्ट

आता आमच्या घरचा मुद्दा. न्यायशास्त्रात अनुमान उभं राहतं व्याप्तीवर. जिथे धूर तिथे अग्नी, ही व्याप्ती पक्की. पण उलटं म्हणा: जिथे अग्नी तिथे धूर. स्वयंपाकघरात, यज्ञात, शेकोटीत शंभरदा खरं ठरेल. आणि मग लोहाराच्या भट्टीतला तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा समोर येतो. अग्नी आहे, धूर नाही. असं का? कारण धुराचं खरं कारण अग्नी एकटा नव्हताच. अग्नी आणि ओलं सरपण मिळून धूर होत होता. ती ओल गृहीत धरलेली होती, कुणी बोलून दाखवली नव्हती. या न बोललेल्या अटीला नैयायिक 'उपाधी' म्हणतात.

'ही नशा जीव घेत नाही' या अनुभवाच्या पोटात अशीच उपाधी दडलेली आहे. टीएचसी रेग्युलेटर दोनावरच ठेवतं, आणि झाड स्वतःच मात्रेला आवर घालतं, ही ती ओल. शतकानुशतकांचा अनुभव त्या ओलीसकटचा आहे. प्रयोगशाळेनं ओल काढून टाकली. हाती तापलेला गोळा आला. तो हातात घेऊन 'आजवर तर कधी भाजलं नाही' म्हणण्यात काय अर्थ आहे?

दुसरा दोष याहून सोपा. 'हे मारणार नाही, कारण हा गांजा आहे', असं म्हणताना पुढ्यातल्या पाकिटात गांजा असायला तरी हवा. तो नाहीच. ज्याच्याविषयी बोलतो त्यात हेतूच सापडत नाही, याला 'स्वरूपासिद्ध' हेत्वाभास म्हणतात. पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही तो पकडेल, फक्त त्याला पाकिटात काय आहे हे कुणी सांगितलं पाहिजे.

यातून अनुभवाविषयी एक कडक गोष्ट निघते. गांजा ओढणारा म्हणतो, मला माझं प्रमाण ठाऊक आहे. झाडाच्या बाबतीत ते थोडंफार खरं असेल. इथे वस्तूच दर हंगामाला बदलते. युरोपच्या निरीक्षण यंत्रणेनं २००८ पासून अडीचशेच्या आसपास वेगवेगळी कृत्रिम कॅनाबिनॉइड्स नोंदवली आहेत. एकावर बंदी आली की रेणूचं एक टोक बदलून दुसरं येतं. जेडब्ल्यूएच-०१८ वर संयुक्त राष्ट्रांचं नियंत्रण आलं २०१५ साली, तोवर बाजार कितीतरी पुढे गेला होता. चीननं २०२१ साली हा सगळा गटच बंद केला, तर व्याख्येत न बसणारे रेणू आले. पाकिटावरचं चित्र तेच राहतं, आतला रेणू बदलतो. औषध बाजारात येण्याआधी प्राण्यांवर, मग मोजक्या माणसांवर तपासलं जातं. इथे पहिला प्रयोग विकत घेणाऱ्यावरच होतो, आणि त्याची नोंद झालीच तर इस्पितळात होते.

मग लोक हे घेतात तरी का?

एक कारण स्वस्ताई. दुसरं कारण चाचणी. लघवीची नेहमीची तपासणी टीएचसीचे अवशेष शोधते. कृत्रिम द्रव्यांचा रेणूच निराळा, त्यामुळे ती त्यांना ओळखत नाही. म्हणून ज्याची नोकरी, जामीन किंवा सुटका चाचणीवर अवलंबून आहे, तो गांजा सोडून याकडे वळतो. ब्रिटनच्या तुरुंगांत हे द्रव्य कागदावर जिरवून पत्रांतून आत येऊ लागलं, तेव्हा काही तुरुंगांनी कैद्यांना मूळ पत्राऐवजी त्याची फोटोप्रत द्यायला सुरुवात केली. कमी धोक्याची वस्तू पकडणारी आणि जास्त धोक्याची सोडणारी चाचणी माणसाला कुठे ढकलते, हे चाचण्या लावणाऱ्यांनी एकदा बघायला हवं.

कोकणातून दीड-पावणेदोनशे वर्षांपूर्वी मजूर म्हणून गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज मॉरिशसमध्ये आजही आहेत. त्या छोट्या बेटावर गांजा जुना आणि कायदा कडक. गेल्या दशकात तिथल्या तरुणांत कृत्रिम द्रव्यं झपाट्यानं पसरली. क्रिओल बोलीत त्यांना 'सिमिक' म्हणतात, म्हणजे रासायनिक. प्रश्न इतका वाढला, की माजी न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या चौकशी आयोगानं २०१८ च्या अहवालात त्याची दखल घेतली.

इंग्लंडमध्ये तर हे शाळेपर्यंत आलं आहे. बाथ विद्यापीठाच्या संशोधकांनी शाळांत जप्त झालेली ई-सिगारेटची उपकरणं तपासली. २०२४ साली जाहीर झालेल्या निष्कर्षांत साधारण सहापैकी एका उपकरणात कृत्रिम कॅनाबिनॉइड निघालं. मुलांना वाटत होतं, त्यात टीएचसी आहे. आपल्याकडे ई-सिगारेटवर २०१९ पासून बंदी आहे. ती छुप्या रीतीनं मिळत नाही, असं मात्र कुणी छातीठोक सांगू नये. त्या द्रवाला ना गांजाचा वास, ना रंग.

आप्त कोण?

न्यायशास्त्रानं 'शब्द' हेही प्रमाण मानलं, पण कुणाचा शब्द? आप्ताचा. ज्याला वस्तू माहीत आहे आणि जो ती आहे तशी सांगतो, तो आप्त. नात्यानं आई-बाप असणं पुरेसं नाही.

आम्ही मोठी माणसं काय करतो? मुलांना सांगतो, एक झुरका घेतलास की संपलास, सगळी नशा सारखीच. मुलगा एक दिवस मित्राबरोबर झुरका घेतो, संपत नाही, आणि त्याच्या लेखी आमचा शब्द त्या दिवशी अप्रमाण होतो. पुढे खरोखर जीवघेणं पाकीट समोर येतं आणि आम्ही ओरडतो, तेव्हा तो म्हणतो, हे तर असं म्हणतातच. 'सगळं सारखंच' या वाक्यानं गांजा सुटत नाही. फक्त त्याच्याहून वाईट वस्तू गांजाच्या पंक्तीला जाऊन बसते. म्हणून गांजाचा धोका आहे तेवढाच सांगा, आणि याचा आहे तेवढा.

आणि प्रसंग आलाच तर? माणसाला आकडी आली, छातीत दुखतंय, जागा होत नाही, तर १०८ ला फोन करा. त्याला कुशीवर वळवा. भांग उतरवायला लिंबू, चिंच, तूप देतात तसलं काही तोंडात घालू नका, ते श्वासनलिकेत जाईल. डॉक्टरांना खरं सांगा, पाकीट उरलं असेल तर बरोबर न्या. लघवीची तपासणी स्वच्छ आली म्हणून निर्धास्त होऊ नका, डॉक्टरांनाही तसं बोलून दाखवा. व्यसन जडलं असेल, तर १४४४६ ही सरकारी मोफत दूरध्वनी सेवा आहे, आणि पुण्यात मुक्तांगणसारखी संस्था १९८६ पासून हे काम करते आहे. पोलिसांच्या भीतीनं थांबू नका. त्याच १९८५ च्या कायद्याचं ६४-अ कलम, स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला सेवनाच्या आणि अल्प प्रमाणाच्या खटल्यापासून संरक्षण देतं.

श्रोत्यांचे काही प्रश्न

*मुंबई विमानतळावर पकडला जाणारा 'हायड्रोपोनिक गांजा' हा कृत्रिम गांजाच ना?*

नाही. बँकॉकहून येणारा तो माल झाडाचाच असतो. मातीऐवजी खतयुक्त पाण्यावर, बंदिस्त खोलीत, दिव्यांच्या उजेडात वाढवलेला. त्यात टीएचसी खूप असतं, त्यामुळे मघाशी सांगितलेला मनोविकाराचा धोका तिथे जास्त. पण टीएचसी ते टीएचसी. बातम्यांत दोन्ही शब्द एकाच श्वासात येतात, म्हणून हा घोळ होतो.

*म्हणजे नैसर्गिक ते चांगलं आणि कृत्रिम ते वाईट, असंच ना?*

असं मुळीच नाही. धोतरा नैसर्गिक आहे, कण्हेर नैसर्गिक आहे. खाऊन पाहा म्हणणार नाही आम्ही. उलट प्रयोगशाळेत बनवलेलं टीएचसी, ड्रोनॅबिनॉल नावानं, अमेरिकेत १९८५ पासून औषध म्हणून दिलं जातं. कर्करोगाच्या उपचारात होणाऱ्या ओकाऱ्यांवर. ते कृत्रिमच आहे. पण रेणू ओळखीचा, मात्रा मोजलेली आणि देणारा जबाबदार. कुठून आलं यापेक्षा कोणता रेणू, किती आणि कुणी तपासलेला, हे तीन प्रश्न विचारा.

*मग गांजा कायदेशीर करावा असं तुमचं म्हणणं आहे का?*

आजच्या विषयातून तेवढं निघत नाही. अमेरिकेत ज्या राज्यांनी गांजाला मोकळीक दिली, तिथे कृत्रिम द्रव्यांच्या विषबाधेच्या नोंदी कमी दिसल्या, हे एका बाजूला. त्याच देशात अतितीव्र उत्पादनं वाढली आणि गांजा घातलेली गोळ्या-बिस्किटं लहान मुलांनी चुकून खाण्याचे प्रकारही वाढले, हे दुसऱ्या बाजूला. धोरण ठरवताना दोन्ही तराजूत घालावं लागेल. कायदा काय व्हायचा तो होईल. तोवर घरातलं पोरगं ती तीन वाक्यं बोललं, तर त्याला दुसऱ्या वाक्यापाशी थांबवा आणि विचारा, 'हा गांजाच आहे, हे तुला कुणी सांगितलं?'